‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ : प्रथमावृत्तीचे मोल

गत वर्षावासात ग्रंथवाचनाच्या निमित्ताने यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकी (ता. उमरखेड) येथे जाण्याचा योग आला. वाचन आटोपल्यावर एका वयोवृद्ध उपासकांनी निळ्या फडक्यात बांधलेला एक जाड इंग्रजी ग्रंथ समोर ठेवला. जुन्या पुस्तकांच्या एका व्यापाऱ्याने त्यास बरी किंमत देऊ केली होती. मात्र समासात पेन्सिलीचे लिखाण असल्याने ती उतरेल, असेही बजावले होते. म्हणून त्यांचा नातू खोडरबर घेऊन बसला होता व दोन पाने कोरी झालीही होती. “सर, ही पहिलीच छपाई आहे ना? आणि द्यावी का विकून?” असे त्यांनी विचारले. हा प्रश्न अन्य गावांतूनही येत असल्यामुळे येथे काहीसे विस्ताराने लिहीत आहे.

प. पू. बाबासाहेबांच्या या ग्रंथाची प्रथमावृत्ती मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे १९५७ साली, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाली. घरोघरी ‘मूळ प्रत’ म्हणून जपलेल्या पुष्कळशा प्रती वस्तुतः पुढील काळातील आहेत. तैवानच्या बौद्ध संस्थेने धम्मदान म्हणून वाटलेल्या प्रती विदर्भात विपुल आढळतात. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील अकरावा खंड १९९२ चा. मराठी अनुवाद १९७० चा. तो कितीही जीर्ण दिसला तरी प्रथमावृत्ती नव्हे. केवळ ‘प्रथम प्रकाशन १९५७’ ही ओळ पाहून निर्णय करू नये, कारण ती पुनर्मुद्रणातही असू शकते. मुखपृष्ठामागील संपूर्ण मजकूर, प्रकाशक व मुद्रक यांची नावे एकत्र वाचावीत. ढाणकीची प्रत या कसोटीस उतरली.

ग्रंथ छापण्याची चिंता बाबासाहेबांना अखेरपर्यंत होती. १४ सप्टेंबर १९५६ रोजी, धर्मांतराच्या बरोबर एक महिना आधी, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये असून तो आपल्या आवाक्याबाहेर आहे. बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त ग्रंथालये व विद्वान यांच्यासाठी सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात, एवढीच विनंती होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले : जयंतीच्या प्रकाशनांसाठी राखलेली रक्कम संपली आहे, उत्सवाच्या वेळी दिल्लीत ग्रंथ विक्रीस ठेवावा. ज्या ग्रंथाच्या पाचशे प्रती त्या वेळी शासनाला घेता आल्या नाहीत, त्याच्या एका प्रतीसाठी आज व्यापारी ढाणकीपर्यंत येतो!

प्रथमावृत्तीत काय नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेली प्रस्तावना तीत नाही. तिची कारणे काहीही असोत, त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. भगवान दास यांनी १९८० मध्ये ती प्रकाशात आणली. तीत बाबासाहेब आपल्या ग्रंथाला नम्रपणे संकलन म्हणतात, अश्वघोषाचे ऋण मान्य करतात आणि विषयांच्या मांडणीचा क्रम तेवढा आपला असल्याचे सांगतात. हे निवेदन वगळले गेले, शिवाय ग्रंथात आधारांचे संदर्भही नव्हते. परिणामी हा बुद्धाचा धम्म नसून आंबेडकरांचा स्वतःचा आहे, अशी टीका करणाऱ्यांचे आयते फावले.

पालीच्या अभ्यासकाला मात्र एक उदाहरण पुरेसे आहे. सिद्धार्थाचे गृहत्याग-कारण म्हणून बाबासाहेबांनी चार दृश्यांऐवजी रोहिणीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा दिला. अट्ठकथांत हा तंटा आहे. परंतु तो संबोधीनंतरचा, आणि बुद्ध तो मिटवतात. दुसरीकडे सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात, अपुऱ्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडणारी व परस्परांशी भांडणारी माणसे पाहून आपणास भय वाटले, असे बुद्ध स्वतः सांगतात. अरियपरियेसन सुत्तात तर आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत ते घर सोडतात. मध्यरात्रीचे पलायन तेथे नाही. धर्मानंद कोसंबी यांनीही ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात या दिशेने विचार केला होता. प्रसंगाची काळानुक्रमे मांडणी बाबासाहेबांची आहे. तिची सामग्री तिपिटक-परंपरेतील आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना मूळ स्थळे परिश्रमपूर्वक शोधली, आणि १९९५ मध्ये शासनाने अकराव्या खंडाची आधारसूचक पुरवणीही काढली. टीका करणाऱ्यांनी ती उघडून पाहिली असती तर बरे झाले असते.

आता पेन्सिलीविषयी. १९५७ ते १९७० या तेरा वर्षांत मराठी अनुवाद हाती नव्हता. त्या काळात इंग्रजी बेताचे असलेल्या आमच्या माणसांनी हा ग्रंथ वाचला कसा, याची नोंद कोणत्याही इतिहासात सापडत नाही. ती ढाणकीच्या प्रतीत सापडली. उपासकांचे दिवंगत थोरले बंधू प्राथमिक शिक्षक होते. शब्दकोश घेऊन त्यांनी शब्दागणिक अर्थ लिहिला आहे. एके ठिकाणी ‘दया’ लिहून खोडले आहे आणि वर ‘करुणा’ केले आहे. पुनर्जन्माच्या प्रकरणात तीन प्रश्नचिन्हे आहेत. रोहिणी नदीच्या नावाशेजारी बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘आपली पैनगंगा’.

व्यापाऱ्याच्या हिशेबात हा डाग आहे. माझ्या मते छापील मजकूर इतर प्रतींतूनही मिळेल, ही अक्षरे दुसरीकडे मिळणार नाहीत. विकू नका, असे मी स्पष्ट सांगितले. तथापि घरात औषधपाण्याचा खर्च होता, तेव्हा हे सांगणे मला सोपे होते, त्यांना ऐकणे नव्हते. त्यांनी दोन दिवस विचार केला व नकार कळविला.

अशा प्रतीस चिकटपट्टी लावू नये, पाने प्लास्टिकात बंद करू नयेत, उदबत्ती व मेणबत्तीपासून ती दूर ठेवावी. कोरड्या कपाटात, स्वच्छ सुती कापडात ठेवावी. नित्य वाचनास मराठी प्रत वापरावी. प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे. ढाणकीत ते काम त्या नातवानेच केले. खोडलेल्या दोन पानांवर तिरप्या उजेडात पेन्सिलीचे वळ अजून दिसतात. त्यांतील अकरा शब्द आम्हांला लावता आले.