विश्लेषण : हडप्पाच्या दफनभूमीत ‘बाहेरून आलेले’ कोण? दातांवरून काय समजले?

‘तुम्ही मूळचे कुठले?’ आपल्याकडे ओळख होताच विचारला जाणारा हा प्रश्न संशोधकांनी चार हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांबाबत विचारला. उत्तर मिळाले त्यांच्या दातांतून.

दातांवरून गाव कसे कळते?

खडकांमध्ये स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य असते. त्याच्या ८७ आणि ८६ या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर खडकाच्या प्रकारानुसार आणि वयानुसार बदलते. माती, पाणी व अन्नावाटे हे स्ट्रॉन्शियम शरीरात येते आणि दातांच्या एनॅमलमध्ये साठते. हाडे आयुष्यभर झिजतात, भरून निघतात. एनॅमल मात्र एकदा तयार झाले की बदलत नाही.

पहिल्या दाढेचे एनॅमल साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होते, अक्कलदाढेचे बऱ्याच उशिरा. दोन्ही दाढांतील गुणोत्तर वेगळे निघाले, तर त्या मुलाने मधल्या काळात ठिकाण बदलले असावे, असा अंदाज बांधता येतो.

अभ्यासात काय आढळले?

पाकिस्तानातील हडप्पा आणि हरियाणातील फरमाना येथील दफनभूमींचा (इ.स.पूर्व २६०० ते १९००) अभ्यास २०१५ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात शिशाची समस्थानिकेही तपासली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि वीणा मुश्रीफ-त्रिपाठी या संशोधकांमध्ये होते.

पुरलेल्यांपैकी जवळपास सगळे पहिल्या पिढीतील स्थलांतरित होते आणि ते लहानपणीच आले होते, असा निष्कर्ष निघाला. हे शेकडो वर्षे सुरू होते. म्हणजे ही एखादी अचानक आलेली लाट नव्हती. साधनसंपत्तीने समृद्ध अशा दूरच्या प्रदेशांशी शहरांना जोडणारी ती ठरलेली पद्धत असावी, असे संशोधकांना वाटते.

मग अख्खे शहरच बाहेरच्यांचे होते का?

तसे म्हणता येत नाही. शहराच्या लोकसंख्येच्या तुलनेत दफने मोजकीच आहेत. सर्वांना पुरले जात नव्हते.

हे डीएनए चाचणीपेक्षा वेगळे कसे?

डीएनए पूर्वजांविषयी सांगतो, तर समस्थानिके त्या व्यक्तीच्या स्वतःच्या बालपणाविषयी. भाषा, धर्म किंवा जात यांपैकी काहीही दातात सापडत नाही. शिवाय सारखे खडक असलेले दोन प्रदेश सारखेच गुणोत्तर देऊ शकतात.

‘इथले’ आणि ‘बाहेरचे’ या वादात प्राचीन सांगाड्यांचा दाखला देणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे : हडप्पाच्या मातीत ज्यांना रीतसर पुरले गेले, त्यांतील बहुतेकांचा जन्म हडप्पात झालेला नव्हता.