हाडांची हत्यारे, प्राचीन : अभिज्ञान

प्राचीन वसतिस्थानांत सापडणाऱ्या, मानवाने घडविलेल्या वा नुसत्या वापरलेल्या हाडांच्या वस्तू ओळखणे व त्यांचा उपयोग ठरविणे म्हणजे अस्थि-हत्यारांचे अभिज्ञान होय. सुई, टोचा, काटेरी मत्स्यभाला हे प्रकार बहुधा आकारावरूनच ओळखू येतात. काश्मीरमधील बुर्झाहोम व बिहारमधील चिरांद या नवाश्मयुगीन स्थळी अशी हत्यारे विपुल मिळाली आहेत. नेढे असलेल्या सुईविषयी वाद सहसा उद्‌भवत नाही. अडचण येते ती मोडक्या, झिजलेल्या आणि परिचित अवजारांशी न जुळणाऱ्या वस्तूंबाबत.

अशी वस्तू हाती आली असता ती कशासाठी वापरली, हा प्रश्न नंतरचा. ती हत्यार आहे काय, हा पहिला. तरस हाडे फोडते, साळिंदर कुरतडते आणि वाहते पाणी त्यांच्या कडा गुळगुळीत करते. यांतून हत्यारांचा भास होणारे आकार निर्माण होतात. रेमंड डार्ट यांनी १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील माकापान्सगाट येथील हाडे, दात व शिंगे ही ऑस्ट्रॅलोपिथेकसाची आयुधे मानली आणि त्यांवरून एका हिंस्र पूर्वजाचे चित्र रंगविले. अशा अस्थिसंचयांना मुख्यत्वे श्वापदे कारणीभूत असतात, हे सी. के. ब्रेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिल्यावर ते चित्र पुसले गेले. मात्र त्याच देशातील स्वार्टक्रान्स येथे ब्रेन यांना खरोखरच वापरलेली हाडे मिळाली. ती कंदमुळे उकरण्याची असावीत, असे त्यांना वाटले. पुढे २००१ मध्ये ल्युसिंडा बॅकवेल व फ्रांचेस्को देरिको यांनी ताज्या हाडांनी निरनिराळी कामे करून पाहिली व उमटलेले ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिले. टोकाकडील बारीक, समांतर रेषा वारुळे उकरताना पडणाऱ्या रेषांशी जुळल्या.

झिजेवरून उपयोग ठरविण्याचे याहून बोलके उदाहरण फ्रान्सच्या दॉर्दोन्य भागातील आहे. पेश द लाझे व आब्री पेरोनी या निअँडरथल मानवाच्या स्थळी, सु. ५०,००० वर्षांपूर्वीच्या थरांत, बरगडीचे काही लहान तुकडे मिळाले. त्यांचे एक टोक गोलसर व चकचकीत असून दुसरी बाजू मोडलेली होती. २०१३ मध्ये ते कातडे घोटण्याच्या हत्याराची मोडलेली टोके म्हणून प्रसिद्ध झाले. बरगडी लवचिक असते. ती कातड्यावर दाबून पुढे रेटली की वाकते व कातडे न फाटता मऊ, तुकतुकीत आणि पाण्याला दाद न देणारे होते. दाब अधिक झाला की टोक मोडते. अशीच हाडाची घोटणी चर्मकाम करणारे कारागीर आजही वापरतात, त्यामुळे हा निष्कर्ष पटण्याजोगा आहे. २०२० मध्ये हाडांतील कोलॅजेन या प्रथिनाच्या परीक्षणावरून या बरगड्या गवा वा रानबैल यांसारख्या मोठ्या पशूंच्या ठरल्या. वास्तविक तेथील थरांत रेनडिअरसारख्या प्राण्यांचीच हाडे अधिक होती. म्हणजे हाताला लागेल ते हाड न उचलता ते निवडून घेतले होते. या परीक्षणासाठी हत्याराचा कणही खरवडावा लागला नाही. ते ज्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवले होते तिला चिकटलेले अंश पुरेसे ठरले.

भारतात वादाचा विषय झालेली वस्तू म्हणजे उत्तर प्रदेशातील बेलन खोऱ्यात, लोहंदा नाला येथे मिळालेली उत्तर पुराणाश्मयुगीन अस्थिवस्तू. अलाहाबाद विद्यापीठाच्या संशोधकांनी ती मातृदेवतेची मूर्ती मानली व अनेक पाठ्यग्रंथांत ती तशीच रूढ झाली. रॉबर्ट बेडनारिक आदी अभ्यासकांच्या मते ती झीज होऊन विरूप झालेला काटेरी भाला आहे. दोन्हींकडील भर बाह्याकारावरच असला, तरी भाल्याचा पक्ष अधिक संभाव्य वाटतो, कारण काट्यांचे झिजलेले अवशेष अवयवांसारखे दिसू शकतात. मूर्ती मानल्यास भारतातील देवीपूजेचा आरंभ हजारो वर्षे मागे जातो. भाला मानल्यास शिकारीच्या साधनांत एका नमुन्याची भर पडते. एवढा मोठा निष्कर्ष एकाकी वस्तूवर उभारणे धोक्याचे आहे.

झिजेच्या खुणा नाजूक असतात. कडक ब्रशाने घासणे, लाखेचा लेप देणे किंवा वारंवार हाताळणे यांनी हाडावर नवी चकाकी येते व ती मूळ झिजेपासून वेगळी काढणे दुरापास्त होते. त्यामुळे उत्खननात मिळालेले संशयित हाड धुण्यापूर्वी त्याचा थर व स्थान नोंदवून ते मातीसह वेगळे ठेवतात.