कामगार कायद्याची ओळख (लेखांक ९) : प्रसूती लाभाचा हिशेब

प्रसूती रजेत मिळणारी रक्कम म्हणजे सरासरी दैनिक वेतन गुणिले रजेचे दिवस. खासगी आस्थापनांसाठी हे सूत्र १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने घालून दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. सूत्र मात्र कायम राहिले. लाभासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते.

सरासरी काढताना रजेवर जाण्यापूर्वीचे तीन कॅलेंडर महिने धरतात. त्या काळात काम केलेल्या दिवसांच्या वेतनाला त्याच दिवसांच्या संख्येने भागायचे, ९० ने नव्हे. ९०० रुपये रोज असलेली स्त्री गरोदरपणातील त्रासामुळे तीन महिन्यांत ६० दिवसच कामावर आली, तर ५४,००० भागिले ६० म्हणजे सरासरी ९०० रुपयेच येते. ९० ने भागले असते तर ती ६०० वर उतरली असती. सरासरी किमान वेतनाच्या दराखाली जाऊ शकत नाही. ओव्हरटाइम आणि बोनस वेतनात धरत नाहीत. घरभाड्यासारखे भत्तेही वगळले जातात. पण वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनातच मिळवतात.

दुसरा आकडा दिवसांचा. १ एप्रिल २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची झाली. त्यांतील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन किंवा अधिक मुले हयात असतील तर रजा १२ आठवड्यांची. आठवडा सहा दिवसांचा धरायचा की सात, हा वाद कोइमतूरच्या एका मळ्यातील कामगार स्त्रीच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७७ मध्ये न्यायालयाने रविवारसुद्धा मोजावा असा निर्णय दिला. म्हणून २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, आणि वरील उदाहरणात लाभ १,६३,८०० रुपये. रविवार गाळले असते तर १,४०,४०० रुपयेच हाती आले असते. मालकाने प्रसूतीपूर्व व प्रसूतीनंतरच्या उपचारांची मोफत सोय केली नसेल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा.

प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यावी लागते, उरलेली प्रसूतीचा दाखला मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत.

कर्मचारी राज्य विमा योजनेखालील स्त्रीला हा लाभ मालक नव्हे, तर विमा महामंडळ देते. योजनेची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये, अपंग कर्मचाऱ्यांसाठी २५,००० रुपये आहे. येथे सरासरी तीन महिन्यांची नसते. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाही वर्गणीकाळावरून ती काढतात. लगतच्या एक किंवा दोन वर्गणीकाळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. लाभ सरासरी वेतनाच्या १०० टक्के असतो.

केंद्र सरकारच्या कर्मचारी स्त्रीला सरासरीची गरजच पडत नाही. दोनपेक्षा कमी मुले हयात असल्यास तिला १८० दिवसांची रजा मिळते आणि रजेवर जाण्याच्या लगेच आधीचे वेतन तसेच चालू राहते. याच अटीवर पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतील वडिलांना मात्र केंद्रीय कायद्याने अशी रजा दिलेली नाही. ती मिळाली तर कंपनीच्या नियमांनुसारच मिळते.