लिव्हरमोरचा हिशेब मीटरपासून मांडा

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ‘नॅशनल इग्निशन फॅसिलिटी’ नावाचं अवाढव्य लेझर यंत्र आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी त्याच्या १९२ किरणझोतांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा लक्ष्यावर ओतली आणि अणुसंमीलनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर पडली. घातलं त्याहून जास्त मिळालं, ही बातमी जगभर गेली. ती खरी होती, पण तिच्यातला हिशेब झोत सुटल्यानंतरचा होता. ते झोत तयार करायला यंत्रानं ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढले होते. वीजबिलाच्या भाषेत बोलायचं तर ८३ युनिट खर्ची पडले आणि हाती पुरतं एक युनिटही आलं नाही. ऊर्जेचा स्रोत म्हणून संमीलनाकडे बघायचं, तर हिशेब मीटरपासूनच मांडला पाहिजे.

एवढा खर्च होतो कशावर? ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड भावंडांची अणुकेंद्रकं धनभारित असतात, त्यामुळे एकमेकांना दूर लोटतात. ती भिडावीत म्हणून त्यांना सूर्याच्या गाभ्याहून कितीतरी जास्त तापवावं लागतं. लिव्हरमोरला हे घडतं ते सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या पोकळ नळकांड्यात. आत दोनेक मिलिमीटर व्यासाची हिऱ्याच्या कवचाची गोळी असते आणि कवचाच्या आतून गोठलेल्या इंधनाचा पातळ थर. लेझर गोळीला शिवतही नाहीत. ते नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर आदळतात, तिथून क्ष-किरण निघतात, त्यांनी कवचाचा बाहेरचा पापुद्रा उडतो आणि त्या धक्क्यानं इंधन आत चेपलं जातं. कवचात बारीकसा दोष राहिला तरी ते वेडंवाकडं चेपलं जातं आणि सगळं मुसळ केरात.

मीटरपासूनच्या या हिशेबावर आक्षेप येतो की हे यंत्र विजेसाठी बांधलेलंच नाही. चाचणी स्फोट न करता अण्वस्त्रांचा साठा जोखणं हे त्याचं मुख्य काम, आणि त्याचे लेझरही जुन्या धर्तीचे, उधळे. आक्षेप रास्त आहे. म्हणून लेझर सुधारून पाहू. दिलेल्या विजेपैकी दहा टक्के झोतात उतरली असं धरलं, तर तेवढ्याच झोताला २० मेगाज्यूल वीज लागेल. उष्णतेची वीज करताना साधारण एक तृतीयांशच हाती लागते, म्हणजे नुसती बरोबरी साधायला एका गोळीतून ६० मेगाज्यूल हवेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.२ मेगाज्यूल मिळाले.

मग २०२२ चा प्रयोग फुकट गेला का? मुळीच नाही. संमीलनातून निघालेल्या हेलियमच्या केंद्रकांनी इंधन आणखी तापवलं आणि ज्वलन स्वतःच्या बळावर पसरलं. प्रयोगशाळेत हे साधेल की नाही, हाच अनेक दशकांचा प्रश्न होता. १९५५ साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी दोन दशकांत नियंत्रित संमीलनाची वाट सापडेल असं भाकीत केलं होतं. इतका द्रष्टा वैज्ञानिकही मुदतीत चुकला, यावरून वाट किती अवघड आहे ते कळावं. आता प्रश्न भौतिकीपेक्षा कारखान्याचा जास्त आहे. वीजकेंद्राला सेकंदाला अनेक गोळ्या पेटवाव्या लागतील, आणि प्रत्येक गोळी आज प्रयोगासाठी निवडून, तपासून घेतात तितकीच निर्दोष, पण कवडीमोल किमतीची लागेल.