गोष्टी घरोघर नेणारीं मराठी नियतकालिकें

मुलाच्या हातीं गोष्टींचें मासिक दिसलें कीं, "अभ्यास सोडून हें काय चालविलें आहेस?" असा प्रश्न पुष्कळ घरांतून ऐकूं येतो. आम्ही शिक्षक असल्यामुळें हा प्रश्न आम्हींही अनेकदां विचारला आहे, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. परंतु मराठी गोष्ट आपल्या घरांत कोणत्या वाटेनें आली व तिनें येथें कोणतें कार्य केलें, हें पाहिलें म्हणजे तो प्रश्न तितक्या सहजपणें तोंडांतून निघत नाहीं. ती वाट म्हणजे मासिकें व साप्ताहिकें होत.

इ. स. १८५७ मध्यें बाबा पदमनजी यांनीं 'यमुनापर्यटन' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. मराठींतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यांतील यमुना प्रवास करितां करितां ठिकठिकाणच्या विधवांचीं दुःखें पाहते. विषय अंतःकरणास भिडणारा खरा. पण सबंध पुस्तक विकत घ्यावयाचें म्हणजे पदरीं पैसा हवा, आणि त्या विषयाची ओढही आधींपासून हवी. ज्याला ती ओढ नाहीं, त्याच्या दारीं पुस्तक आपण होऊन जात नाहीं.

मासिक मात्र जातें. इंग्लंडांत डिकन्सचे 'पिक्‌विक पेपर्स' १८३६-३७ सालीं दरमहा एका शिलिंगाच्या भागानें निघाले, तेव्हां एकरकमी पुस्तक न घेऊं शकणाऱ्यांसही कादंबरी वाचतां आली. आपल्याकडे १८६७ सालीं निघालेल्या 'विविधज्ञानविस्तार' मासिकांत रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी क्रमशः येऊं लागली. पुढें १८७१ मध्यें तिचें पुस्तक झालें. निबंध, ग्रंथपरीक्षण व शास्त्रीय विषय यांच्या पंक्तीस गोष्टीला असें मानाचें पान मिळालें.

तथापि गोष्ट खऱ्या अर्थानें माजघरांत नेली ती हरि नारायण आपटे यांच्या 'करमणूक' साप्ताहिकानें. तें पुण्यास १८९० सालीं निघालें व १९१७ पर्यंत चाललें. 'पण लक्षांत कोण घेतो!' ही त्यांची कादंबरी त्यांतूनच हप्त्याहप्त्यानें प्रसिद्ध झाली. हिची नायिकाही यमूच, आणि हिचेंही दुःख वैधव्याचेंच. भेद हा कीं, येथें यमू आपली हकीकत लहानपणापासून स्वतःच्या तोंडानें सांगते, आणि वाचकांस ती एका बैठकींत न भेटतां आठवड्यामागून आठवडे भेटत राहते. जिची वाट पाहावयाची तिच्याविषयीं आपुलकी उपजते. आणि मग तिचें केशवपन झालें, हें वाचतांना तें कोणा परक्या स्त्रीचें राहत नाहीं. व्याख्यानाला न जाणाऱ्यांच्या कानींही हें दुःख करमणुकीच्या निमित्तानें पडलें.

याच साप्ताहिकांत आपट्यांनीं 'स्फुट गोष्टी'ही लिहिल्या. पुढें काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं मुंबईस १८९५ मध्यें 'मनोरंजन' मासिक काढलें. मित्र हे बंगाली वाङ्मयाचे चाहते. त्या वाङ्मयाचा सुगंध मासिकासही लागला. एकाच अंकांत पुरी होणारी 'संपूर्ण गोष्ट' तेथें वाढीस लागली, व वि. सी. गुर्जर यांनीं ती लोकप्रिय केली. पानें मोजकीं असल्यामुळें पाल्हाळ कमी करणें भाग पडलें; आजची लघुकथा थोडीबहुत त्या पानांच्या मर्यादेचेंच अपत्य आहे. मराठींतील पहिला दिवाळी अंक १९०९ मध्यें काढला तोही 'मनोरंजन'नेंच.

त्यानंतर या वाटेस अनेक फांट्या फुटल्या. नांगर तयार करणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतून १९२० मध्यें 'किर्लोस्कर खबर' निघाली. तिचेंच पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें, व शंकरराव किर्लोस्करांनीं १९३० मध्यें 'स्त्री' आणि १९३४ मध्यें 'मनोहर' हीं मासिकें त्याच्या जोडीस दिलीं. १९३३ सालीं निघालेल्या 'सत्यकथे'नें पुढें गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेला आश्रय दिला. आमच्या नाशिकास राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ही कल्पित कथा नव्हे. परंतु तींही प्रथम 'संजीवनी'च्या अंकांतूनच वाचकांस भेटलीं.

'विविधज्ञानविस्तार' १९३७ त बंद पडला. 'सत्यकथा' १९८२ त थांबली. लेखक कितीही मोठा असो, मासिकाचें जीवित वर्गणीदाराच्या हातीं असतें. शेजाऱ्याचा अंक मागून आणून वाचणारे शंभर असले, तरी छापखान्याचें बिल त्यांतून भागत नाहीं. दिवाळी अंकांची परंपरा मात्र अद्यापि टिकून आहे. आणि आपल्या नाशिकास तर १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे.

म्हणून, विद्यार्थिमित्र हो, येत्या सुटींत खाऊच्या पैशांतून एक तरी अंक विकत घ्या, व त्यांतील एक चांगली गोष्ट रात्रीं घरच्या मंडळींस मोठ्यानें वाचून दाखवा. "हें काय चालविलें आहेस?" असें विचारणारेंच माणूस "मग पुढें काय झालें?" असें विचारूं लागलें, तर आपण अभ्यास सोडला नाहीं असें खुशाल समजा.