पक्ष्याचे छायाचित्र व योग्य अंतर

सालेकसा तालुक्यातील बहुतेक शाळांभोवती धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव आणि पलीकडे जंगल असा परिसर आहे. परिसर अभ्यासासाठी याहून समृद्ध प्रयोगशाळा मिळणे कठीण. आता भ्रमणध्वनीमुळे छायाचित्र घेण्याचे साधनही शिक्षकांच्या हाती आले आहे. तथापि अशा चित्रांत पक्षी बहुधा ठिपक्याएवढा उमटतो आणि आणखी पुढे सरकण्याचा मोह होतो. हा मोह कोठे आवरावा, हे विद्यार्थ्यांना शिकविणे अगत्याचे आहे.

प्रथम यातील गणित पाहावे. प्रतिमेची उंची अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट झाले की उंची निम्मी व क्षेत्रफळ एक-चतुर्थांश होते. सारस हा १८० सेंटिमीटरपर्यंत उंच होणारा पक्षी. ३० मीटरांवरून ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने त्याची प्रतिमा अवघी ३ मिलिमीटर पडते. ४०० मिलिमीटरच्या भिंगाने ती २४ मिलिमीटर होते. मात्र १५ सेंटिमीटरच्या चिमणीची १२ मिलिमीटर प्रतिमा हवी असेल, तर हेच मोठे भिंग घेऊनही ५ मीटरांपर्यंत जावे लागते. शिवाय मोठ्या भिंगात हाताचा किंचित कंपही चित्र पुसट करतो, म्हणून तिपाई लागते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेमुळे दूरचे चित्र थरथरते, म्हणून सकाळची वेळ उत्तम.

जवळ जाण्याचा खरा उपाय पाठलाग नसून आडोसा व धीर हा होय. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनी सुमारे १९०० साली बैलाचा पोकळ पुतळा करून त्यात बसून पक्ष्यांची चित्रे घेतली. गुरांना सरावलेला पक्षी माणसास मात्र भितो, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडील गायबगळाही गुरांच्या पायांशी निर्धास्त चरतो, पण सरळ चालून येणाऱ्या माणसाला पाहून उडतो.

अंतर ठरविण्याचा अधिकार भिंगाचा नव्हे, पक्ष्याचा आहे. पक्ष्याने चरणे थांबविले, मान उंचावली किंवा तो ओरडू लागला, की तेथेच थांबावे व हळूहळू मागे सरावे.

घरट्याच्या बाबतीत हा नियम अधिकच कडक पाळावा. महाराष्ट्रात सारस आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात व त्यालगतच्या भागातच उरले आहेत. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीत किंवा पाणथळ जागी घरटे करतात. अंडी बहुधा दोनच असतात व ती सुमारे महिनाभर उबवावी लागतात. माणसाच्या भीतीने जोडी दूर गेली, की कावळे व कुत्रे यांना संधी मिळते आणि त्या जोडीचा वर्षभराचा प्रपंच एका चित्रापायी व्यर्थ जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे हा गुन्हा आहे. म्हणून घरट्याचे चित्र घेण्याचा उपक्रम शाळेने करूच नये.

त्याऐवजी एक सोपा उपक्रम घ्यावा. तळ्याकाठी विद्यार्थ्यांनी बगळ्याकडे सावकाश चालत जावे. त्याने मान उंचावताच थांबून उरलेले अंतर अदमासे पावलांत नोंदवावे. निरनिराळ्या पक्ष्यांसाठी असा तक्ता वर्गात लावावा. त्यातून मापन, निरीक्षण व संयम हे तिन्ही धडे एकत्र मिळतील. पक्षी न उडता काढलेले लहानसे चित्र, उडवून काढलेल्या मोठ्या चित्रापेक्षा अधिक मोलाचे, हे बालमनावर याच वयात बिंबवावे.