संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

लहानपणापासून एसटीने फिरलेल्या माणसाला काही वाक्ये न शिकवता पाठ झालेली असतात. हात किंवा डोके खिडकीबाहेर काढू नये, विनातिकीट प्रवास हा गुन्हा आहे, आणि एका खिडकीच्या वर तांबड्या अक्षरांत रंगवलेले ते लांबलचक वाक्य, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. नुकतीच अक्षरओळख झालेली मुले ते मोठ्याने, अडखळत वाचतात. आईबाप कौतुकाने ऐकतात. तेवढ्यात शेंगदाणेवाला गाडीत चढतो आणि विषय संपतो.

पण तो मार्ग उघडायचा कसा? खिटी वर करायची की ओढायची? खिडकी आत येते की बाहेर ढकलायची असते? गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या पंधरा-वीस माणसांना मी हा प्रश्न विचारला. त्यांतले बहुतेक आयुष्यभर बसने हिंडलेले. नीट उत्तर एकानेच दिले. ते निवृत्त वाहक होते. हसून म्हणाले, “साहेब, इतक्या वर्षांत कुठल्या प्रवाशानं हे विचारलं नव्हतं. आणि खरं सांगू, आम्हालाही कुणी विचारलं नव्हतं.”

बसच्या सुरक्षिततेविषयी जे काही म्हणायचे ते याच उत्तरात आहे. मार्ग असतो, तो रंगवलेलाही असतो. पण तो उघडून पाहण्याची सवय कोणालाच नसते.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एसटी गेली. तेव्हापासून या गाडीने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून माणसे वाहिली. शाळेची पोरे, बाजाराची टोपली, बाळंतपणाला निघालेली लेक, सारे काही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आले. फार चांगले झाले. सुनेपुढे हात न पसरता माहेरी, देवाला, दवाखान्यात जाणाऱ्या कितीतरी आजीबाई मी पाहतो. मात्र याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. ज्यांना संकटात स्वतःहून उडी मारता येणार नाही, ज्यांच्या कडेवर मूल आहे, गुडघ्यांत वात आहे, अशांची संख्या बसमध्ये वाढली आहे. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद मिरवणाऱ्या गाडीला आता अधिक दक्ष राहावे लागेल.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. तिथे तिजोरीला दोन चाव्या असत. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याने तिजोरी उघडता येत नसे. धोक्याची घंटा दर महिन्याला वाजवून पाहायची आणि नोंदवहीत तारीख घालून सही करायची. भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावर भरल्याची आणि पुढच्या तपासणीची तारीख चिकटवलेली असे. आम्ही कंटाळत असू, थट्टाही करत असू. पण वरून तपासनीस अचानक येऊन पहिल्यांदा तीच वही मागत. कागदी नोटांसाठी एवढा जामानिमा! चाळीस-पन्नास जिवंत माणसे घेऊन रात्री घाट उतरणाऱ्या गाडीच्या वाट्याला याच्या निम्मा तरी यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

१ जुलै २०२३ ची मध्यरात्र आठवा. नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. पंचवीस माणसे गेली. बस नेमकी दाराच्या अंगावर पडली होती, त्यामुळे दार असून नसल्यासारखे झाले. जे थोडके वाचले त्यांतले काही खिडकीची काच फोडून बाहेर आले. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला अशीच एक खासगी बस पहाटे पेटली होती. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये राजस्थानात जैसलमेरजवळ आणि आंध्रात कर्नूलजवळ, अवघ्या दहा दिवसांच्या अंतराने, दोन बसगाड्या जळाल्या.

वातानुकूलित बसची मोठी काच उघडत नाही, ती फोडावी लागते. त्यासाठी छोटी हातोडी टांगलेली असायला हवी. काच मध्यभागी न मारता कोपऱ्याकडे मारली तर लवकर फुटते, हे प्रवाशाला माहीत हवे. झोपण्याच्या बसमध्ये वरच्या बर्थवरचा माणूस अंधारात, धुरात, अरुंद वाटेने दारापर्यंत कसा पोचणार, याचा विचार गाडी बांधतानाच व्हायला हवा. तसे नियम आपल्याकडे आहेत. लांब पल्ल्याच्या नव्या बसमध्ये आगीची सूचना देणारी आणि आग आटोक्यात ठेवणारी यंत्रणा हवी, असा नियम २०२२ मध्ये निघाला. कागदावर आपण कुणाला हार जाणार नाही. पण ज्या बसमध्ये हातोडीची जागा आहे आणि हातोडी नाही, किंवा बाहेर पडायच्या वाटेवर पार्सलाची पोती रचली आहेत, ती बस सुटण्यापूर्वी कोणी पाहिली? पाहणाऱ्याची सही कुठे आहे?

यंत्राइतकाच, किंबहुना जास्तच, प्रश्न माणसाचा आहे. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी पुण्यात स्वारगेटहून एका चालकाने एसटी बस पळवली आणि भर वस्तीतून बेफाम हाकत नऊ जणांचे प्राण घेतले. त्या माणसाच्या मनाची अवस्था काय होती यावर न्यायालयात वर्षानुवर्षे खल झाला. सामान्य वाचकाला मात्र एक साधा प्रश्न पडतो: चालकाचे डोळे तपासतात, रक्तदाब मोजतात, त्याची झोप आणि त्याचे मन कोण तपासते? मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, असे त्याचे सर्वसाधारण माप होते. मुक्कामाच्या गाडीवरचा चालक कुठे झोपतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तासांच्या हिशेबापलीकडचेही कळते. गावच्या पारावर गाडी लावायची, डास मारत बाकावर आडवे व्हायचे आणि पहाटे पाचला काच पुसून पुन्हा स्टिअरिंगवर बसायचे. त्याला स्वच्छ खोली, पंखा आणि पाणी देणे ही सुरक्षिततेचीच बाब आहे.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ल्याला ‘बेस्ट’साठी भाडेतत्त्वावर चालणारी विजेवरची बस गर्दीत घुसली आणि माणसे चिरडली गेली. चालकाला अशी गाडी चालवण्याचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. विजेच्या बसला क्लच नाही, गिअर बदलण्यात जाणारा क्षण नाही. पाय दाबला की ती झेपावते. वीस वर्षे डिझेलच्या गाडीवर बसलेला पाय नवी सवय दोन-चार दिवसांत शिकत नाही. भोसरीला एसटीची प्रशिक्षण संस्था आहे, वर्षानुवर्षे अपघात न करणाऱ्या चालकांचा सत्कार करण्याची चांगली रीतही एसटीत आहे. गाडी भाड्याची असो की मालकीची, चालक कायमचा असो की कंत्राटी, शिक्षण एकाच प्रतीचे मिळाले पाहिजे. प्रवासी तिकीट काढतो तेव्हा कंत्राट वाचून काढत नाही.

गाडी उत्तम, चालक उत्तम, तरी रस्ता दगा देतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. पुढचा पूल नाहीसा झाला आहे हे अंधारात आणि पावसात कळायला कोणतीच सोय नव्हती. जवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका माणसाच्या हे लक्षात आले आणि त्याने धावत जाऊन मागच्या गाड्या थांबवल्या. त्या रात्रीची धोक्याची घंटा म्हणजे तो एक माणूस. पुढे जून २०१७ पर्यंत नवा पूल उभा राहिला, हे खरोखर कौतुकाचे.

मात्र पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ पाणी वाहत असलेल्या पुलावर एसटी घातली गेली आणि वाहून गेली. अशा वेळी गाडीत काय चालते ते आपल्याला ठाऊक आहे. “काही होत नाही, घाला हो गाडी, उशीर होतोय,” असे म्हणणारे आपणच असतो. पुलावर पाणी असताना गाडी थांबवणाऱ्या चालकाला वरिष्ठांनी जाब विचारू नये आणि प्रवाशांनी शिव्या देऊ नयेत. त्याला थांबण्याचा हक्क आहे, हे आगारातल्या फळ्यावर ठळक लिहून ठेवावे.

आता गाडीतून उतरून स्टँडवर येऊ. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट स्थानकात गावी जायला निघालेल्या एका तरुणीवर उभ्या असलेल्या बसमध्ये अत्याचार झाला. तुझी गाडी दुसरीकडे लागली आहे, असे सांगून तिला तिकडे नेले, असे तिच्या तक्रारीत होते. सुरक्षा रक्षक, कॅमेरे, आगारांत पडून असलेल्या मोडक्या गाड्या यांवर त्यानंतर खूप बोलले गेले, आदेशही निघाले. मला त्यातला एक बारकावा छळतो. आपल्याकडे कोणती गाडी कुठे लागली हे अनोळखी माणसाला विचारण्याचीच पद्धत आहे. फलाटावरची पाटी एक सांगते, गाडीवरचा फलक दुसरे, ध्वनिक्षेपकाची घरघर तिसरेच, आणि चौकशीची खिडकी बंद. मग बाई शेजारच्याला विचारते. फलाटाची माहिती खरी आणि वेळेवर मिळाली असती, तर अनोळखी माणसाच्या शब्दाला एवढे वजन आलेच नसते. दिवे, रखवालदार आणि उभ्या गाडीला कुलूप हवेच. पण पहाटे चारलाही उघडी असलेली चौकशीची खिडकी हीसुद्धा बाईची सुरक्षितता आहे.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या भयानक घटनेनंतर देश हादरला. पुढे १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण कळवणारे यंत्र आणि मदतीचे बटण सक्तीचे झाले. बटण दाबले की पलीकडे कोणीतरी जागे असले पाहिजे, आणि त्याला निघून जवळ पोचता आले पाहिजे. बँकेतली घंटा आम्ही दर महिन्याला वाजवत होतो ती आवाज ऐकायला नव्हे. ऐकून कोणी येते का, ते पाहायला.

अपघात होऊन गेल्यावरची तयारी हा तर स्वतंत्र विषय. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तीस जण गेले. वाचलेल्या एकुलत्या एका माणसाने वर चढून येऊन बातमी दिली, तेव्हा ती जगाला कळली. दोर घेऊन दरीत उतरले ते आजूबाजूचे गिर्यारोहक. अशा तरुणांची यादी, त्यांचे दूरध्वनी, दोर आणि स्ट्रेचर घाटालगतच्या प्रत्येक आगारात तयार असावेत. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पोलिसांसाठी ११२ आहे. जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच संरक्षण दिले आहे. हे अजून किती जणांना माहीत आहे? ‘कशाला नसती ब्याद’ म्हणून पुढे जाणाऱ्यांना ते सांगायला हवे.

आपल्या माणसांत हे करण्याची ताकद नाही असे मुळीच नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयात कितीतरी मुंबईकरांनी रात्र ‘बेस्ट’च्या बसमध्ये काढली. पाण्यात अडकलेली ती बस त्या रात्री त्यांचे घर झाली. बिस्किटाचे पुडे वाटून खाल्ले गेले, म्हाताऱ्यांना जागा दिली गेली. जे त्या रात्री प्रसंगाने सुचले, ते आधी शिकवून ठेवता येणार नाही का?

फार खर्चाचे काही मागत नाही. दर महिन्याला प्रत्येक गाडीची संकटकालीन खिडकी एकदा उघडून बंद करावी आणि त्या रंगवलेल्या अक्षरांखाली तपासणीची तारीख लिहावी, बँकेतल्या नळकांड्यावर असते तशी. रात्रीची गाडी सुटताना वाहकाने अर्धे मिनिट उभे राहून दार, खिडकी, हातोडी आणि अग्निशामक कुठे आहे ते दाखवावे; विमानात हे निमूट ऐकतो, तर बसमध्येही ऐकू. शाळेच्या सहलीची बस निघण्यापूर्वी दोन मोठ्या मुलांकडून ती खिडकी उघडवून घ्यावी. आणि आपण प्रवाशांनी पिशवी वाटेत ठेवू नये, चालकाला घाई करू नये.

येत्या सुट्टीत नातवंडांना घेऊन गावी जाल, तेव्हा पोरगे ते लांबलचक वाक्य वाचील. त्याला नुसते ‘शाब्बास’ म्हणून थांबू नका. गाडी सुटायला अवकाश असेल तर वाहकाला विचारून ती खिटी कशी फिरते ते त्याला दाखवा. वाहकालाही तेवढेच निमित्त होईल, आणि खिटी गंजली असेल तर गाडी स्टँडवर असतानाच कळेल.